माझा पसंतीक्रम मीच भरला

सीईटीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी वाशिमच्या क्लासमध्ये सरांनी आम्हाला एकेक करून उभं केलं. पर्सेंटाइल विचारायचं, फळ्यावर लिहायचं आणि त्याच्यापुढे बाण ओढून एका कॉलेजचं नाव टाकायचं, असा तो कार्यक्रम होता. माझं पर्सेंटाइल नव्वदच्या थोडं पुढे गेलं होतं. सरांनी माझ्या आकड्यापुढे बाण ओढला आणि जवळच्याच एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव लिहिलं. मी उभीच होते. मी म्हटलं, सर, मला पुण्याच्या सरकारी कॉलेजला जायचंय.

वर्ग हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं. सगळे नुसते वळून माझ्याकडे बघत राहिले.

सर म्हणाले, "आपल्याकडची मुलं तिथं जात नसतात. मिळणार नाही ते वर लिहिलं की मिळणारं पण हातचं जातं. बस खाली."

‘आपल्याकडची’ म्हणजे वाशिम जिल्ह्यातली, मेडशीसारख्या गावातली, की आणखी कुठली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण मी बसले ती रागानंच बसले. बेंचवर माझी वही होती, तिच्या शेवटच्या पानावर मी पुण्याच्या कॉलेजचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वही उघडीच ठेवली.

आमचं घर मेडशीत, रस्त्यापासून थोडं आत. बाबा तीन एकर सोयाबीन-तूर करायचे आणि हंगामात दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे. माय गावातल्या शाळेत खिचडी शिजवायला जायची. मी दोन वर्षं रोज एस.टी.नं वाशिमला येऊन-जाऊन अकरावी-बारावी केली, त्यामुळे माझा निम्मा अभ्यास बसच्या खिडकीशी झाला. घरात इंजिनिअर कोणी नव्हतं. कॉलेज कसं मिळतं हे सांगणारंही कोणी नव्हतं. होती ती एक ताई, केनवडची. आमच्याच ज्युनिअर कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी ती पुण्याच्या त्या कॉलेजला गेली होती. तिचा नंबर मी आमच्या मॅडमकडून मिळवला आणि धाडस करून फोन लावला.

तिनं सरांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की ते चूक आहे. यादी वरून खाली वाचतात. वरची जागा मिळाली नाही की त्याच्या खालची बघतात. वर अवघड कॉलेज लिहिल्यानं खालचं कोणी काढून घेत नाही. म्हणून मनात जो क्रम आहे तोच लिहायचा. आणि जिथं जायचंच नाही ते कॉलेज यादीत कुठंच लिहायचं नाही, कारण ते मिळालं तर मग रडता येत नाही.

"मागच्या वर्षीचे कट-ऑफ उघड," ती म्हणाली, "आणि नुसतं कॉलेज बघू नको. एकेक शाखा बघ."

पुढचे चार दिवस मी बाबांचा फोन घेऊन बसले. आमच्या प्रवर्गातली शेवटची जागा कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेत, किती पर्सेंटाइलला गेली, हे वहीत उतरवत गेले. कॉम्प्युटर माझ्या खूप वर होतं. सिव्हिल थोडंसंच वर. आणि त्याच कॉलेजात धातुशास्त्राची एक शाखा होती, मेटलर्जी, तिचा आकडा माझ्या आकड्याच्या अगदी शेजारी होता. धातुशास्त्र म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी त्याचा अभ्यासक्रम शोधून वाचला. पोलाद कसं तापवलं की कडक होतं, कसं थंड केलं की ठिसूळ होतं, जोडलेली वस्तू कुठून तुटते. मला ते आवडलं. दुसऱ्या क्रमांकावर मी ते लिहिलं.

ताईचा पुन्हा फोन आला तेव्हा तिनं एकच विचारलं, जात पडताळणीचं प्रमाणपत्र आलं का. आलं नव्हतं. अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच केला होता, पण ताईच्या या फोनच्याच आठवड्यात त्रुटीचं पत्र आलं. बाबांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिलं होतं, माझ्याही. समितीला त्याच्या आधीचा पुरावा हवा होता, घराण्यात कुणाची तरी पन्नास सालाच्या अगोदरची नोंद. ती नसेल तर राखीव जागा नाही, आणि राखीव जागा नाही तर माझ्या वहीतला एकही आकडा खरा नाही.

बाबांना पत्र वाचून दाखवलं. आबा, म्हणजे माझे आजोबा, लहानपणी शिरपूरला त्यांच्या मामाकडे राहून दोन वर्षं शाळेत गेले होते, एवढं बाबांना ठाऊक होतं. छप्पन सालानंतर आबांनी घरातले देव वाहत्या पाण्यात सोडले आणि जुनं जातीचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही, असं आमच्याकडे सांगतात. बाबांनी पत्राची घडी घातली.

"आबानं जो शब्द टाकून देला," ते म्हणाले, "तोच आता तू शोधून आणशीन का?"

मी हो म्हटलं. मला त्या शब्दाची लाज नव्हती आणि आजही नाही. ज्यांनी तो शब्द आमच्या घराण्यावर लादला त्यांच्याच कागदावरून मी तो उचलून आणणार होते आणि त्याच्या बदल्यात माझी जागा मागणार होते. हे मला तेव्हा इतकं नीट मांडता आलं नसतं. तेव्हा मी फक्त म्हटलं, बाबा, कागदच आहे, घेऊन येतो.

बाबा आले नाहीत. माय आली. शाळेच्या स्वयंपाकाला तिनं शेजारणीला लावून दिलं आणि आम्ही सकाळच्या एस.टी.नं शिरपूरला गेलो. तिथल्या देवळाला निघालेल्या यात्रेकरूंनी बस भरलेली होती, आम्ही दोघी उभ्यानं गेलो. शाळेतल्या बाबूंनी आमचं ऐकलं आणि सांगितलं की इतकं जुनं रजिस्टर कोठीत आहे, कोठीला वाळवी लागली आहे, सध्या दाखले देण्याची गर्दी आहे, पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांनी फॉर्मची मुदत संपत होती. मी तसं सांगितलं. त्यांनी हात जोडले आणि दुसऱ्या माणसाकडे वळले.

मी रडकुंडीला आले होते. माय मात्र व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली, पिशवी शेजारी ठेवली आणि म्हणाली, "बाबूजी, तुमचं काम होऊ द्या. आमी बसतो."

तिनं आवाज चढवला नाही, गयावया केली नाही. दहाच्या सुमाराला आम्ही बसलो. मधल्या सुट्टीत पोरं आमच्याभोवती खेळून गेली. मायनं भाकर सोडली, बाबूंनाही विचारलं, ते नको म्हणाले. दुपारी त्यांनी दोनदा दारातून डोकावून पाहिलं. तीन वाजता ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, चल, तूच शोध, मला धूळ सोसत नाही.

कोठीत मी तासभर रजिस्टरं चाळली. कडा खाल्लेल्या होत्या, पण मधली पानं शाबूत होती. काळ्या शाईचं वळणदार अक्षर. चौथ्या रजिस्टरात आबांचं नाव सापडलं. पुढे त्यांच्या वडिलांचं नाव, जन्मतारीख, जातीच्या रकान्यात ‘महार’, बापाच्या धंद्याच्या रकान्यात ‘मजुरी’. सगळ्यात शेवटचा रकाना शाळा सोडल्याच्या कारणाचा होता. त्यात एकच शब्द लिहिला होता, ‘गैरहजर’.

मला पुरावा मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला राग. मी मायला आत बोलावून ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, कोणाची तरी ढोरं चारायला लावलं असेल, नाही तर काहून राहील गैरहजर. बाबूंनी चष्मा लावून पान पाहिलं, मला विचारलं, हे तुझे आजोबा का, आणि मग स्वतःच्या हातानं उतारा लिहिला, शिक्का मारला, सही केली. शेवटची एस.टी. गाठायला आम्ही जवळजवळ पळत सुटलो.

घरी बाबांनी तो उतारा उभ्यानंच वाचला. मग पुन्हा एकदा वाचला, बोट ठेवून. जातीच्या रकान्याशी ते थांबले नाहीत, शेवटच्या रकान्याशी थांबले.

"लावून दे तुह्या फॉर्मले," ते म्हणाले.

उतारा समितीकडे दिला आणि मुदतीच्या तीन दिवस आधी प्रमाणपत्र हातात आलं.

आता पसंतीक्रम भरायचा होता. बाबांच्या फोनवर तो फॉर्म नीट उघडत नव्हता, म्हणून मी आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावच्या एका ऑनलाइन सेंटरवर गेले. नोंदणीही तिथंच केली होती आणि नोंदणीच्या वेळी सेंटरवाल्या दादांनी स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला होता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी वहीतलं पान फाडून त्यांना दिलं. चौदा पर्याय, क्रमानं लिहिलेले. ते म्हणाले, गर्दी आहे, तू जा, मी भरून ठेवतो, उद्या प्रिंट घेऊन जाय.

दुसऱ्या दिवशी प्रिंट घेतली आणि दारातच वाचली. पहिल्या क्रमांकावर सरांनी फळ्यावर लिहिलेलं ते खाजगी कॉलेज होतं. दुसऱ्यावर त्याच संस्थेचं दुसरं. पुणे सहाव्या ओळीत होतं.

मी आत गेले आणि विचारलं. दादांना आश्चर्य वाटलं नाही. पहिलंच मिळून जाईल, पोरीच्या जातीला बरं, घराजवळ आहे, सरांचाही तसाच निरोप आहे, सगळ्यांचेच तसे भरून राह्यलो, असं ते कीबोर्डवरून नजर न काढता म्हणाले. सरांचं, त्यांचं आणि त्या कॉलेजवाल्यांचं काय ठरलं होतं मला माहीत नाही. मला एवढंच कळत होतं की पहिलाच पर्याय मिळाला की पुढची दारं बंद होतात, आणि त्यांनी माझ्यासाठी पहिलं दार कोणतं ठेवायचं ते ठरवून टाकलं होतं.

फॉर्म अजून कायम झालेला नव्हता. शेवटची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचची होती.

मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि सांगितलं की बदल. ते म्हणाले, दुपारी ये. मी म्हटलं, मी उठत नाही. मागे पीक विम्याचे फॉर्म भरायला आलेल्यांची रांग होती, सातबारे हातात घेऊन. दादा म्हणाले, पाहाय, लोकं खोळंबून राह्यले. मी मागे वळले आणि रांगेला सांगितलं की यांनी माझं कॉलेज बदललं आहे, ते परत होईपर्यंत मी इथून हलणार नाही.

रांगेतले एक पांढऱ्या मिशीचे आजोबा म्हणाले, "आगोदर तिचं करून दे बावा. आमचा विमा उद्या भरता येते."

दादांनी लॉगिन उघडलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि कीबोर्ड माझ्याकडे घेतला. चौदाच्या चौदा पर्याय मी स्वतः टाकले. पहिला, पुणे सिव्हिल. दुसरा, पुणे धातुशास्त्र. पाचवा, अमरावतीचं सरकारी कॉलेज. त्या खाजगी संस्थेची दोन्ही कॉलेजं मी यादीतूनच काढून टाकली. फॉर्म कायम करायचा ओटीपी दादांच्या फोनवर आला तेव्हा त्यांना तो मोठ्यानं वाचायला लावला. मग पासवर्ड बदलला. प्रिंट काढून, रांगेतल्या माणसांसमोरच ओळ न् ओळ तपासली आणि त्यांचे ठरलेले पैसे देऊन बाहेर आले. बाहेर आल्यावर रसवंतीच्या बाकड्यावर बसून दहा मिनिटं रडले. ते कोणी पाहिलं नाही.

पहिल्या फेरीत मला अमरावती मिळालं. गावात पेढे वाटायला निघालेल्या बाबांना मी थांबवलं. मिळालेली जागा हातात ठेवून वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीत थांबायची सोय होती आणि मी थांबायचं ठरवलं होतं. हे समजावून सांगताना माझी दमछाक झाली. काका म्हणाले, अमरावती काय वाईट आहे. आत्यानं फोन करून सांगितलं की पोरीचं डोकं फिरलं आहे. बाबांनी मात्र केनवडच्या ताईला स्वतः फोन लावला, अंगणात जाऊन बोलले आणि परत येऊन जेवायला बसले.

दुसऱ्या फेरीत काहीच हललं नाही. अमरावतीच. आता लोक मला विचारायचेसुद्धा थांबले. सर बरोबर असतील असं त्या आठवड्यात मला दोनदा वाटलं. माय चुलीपाशी होती, मी तिला म्हटलं, मले भेव वाटून राह्यलं. ती म्हणाली, "मंग भेत राहाय. पण हात जोडून वापस जाऊ नको."

तिसऱ्या फेरीत दुसरा पर्याय लागला. पुणे, धातुशास्त्र.

आनंदापेक्षा घरात गोंधळ जास्त झाला, कारण ते काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी विचारलं, म्हणजे वेल्डिंग का? आत्याला वाटलं सोनाराचं काम. बाबांनी मला बाजूला घेऊन अगदी गंभीरपणे विचारलं, "नांगराचा फाळ काहून मोडते, हे शिकवतात का त्याच्यात?" मी म्हटलं, तेच शिकवतात. मग त्यांची काही शंका उरली नाही.

पुण्याला निघायच्या आठवड्यात मी दाखले झेरॉक्स करायला वाशिमला गेले, तर बसस्टँडसमोर क्लासचा मोठा फ्लेक्स लागला होता. त्यात मी. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलेला, खाली कॉलेजचं नाव आणि त्याच्याखाली ‘योग्य मार्गदर्शन, योग्य प्रवेश’. मी तशीच क्लासमध्ये गेले. सरांनी पेढा पुढे केला. मी तो घेतला नाही आणि सांगितलं की फ्लेक्स काढा.

ते दुखावले. खरंच दुखावले, नाटक नव्हतं. म्हणाले, "फिजिक्स कोणी शिकवलं तुला?"

"तुम्ही," मी म्हटलं. "उत्तम शिकवलं. तसं लिहा. मार्गदर्शन लिहू नका."

फिजिक्स त्यांनी खरोखर चांगलं शिकवलं होतं, पण म्हणून बाकीचं मी त्यांना माफ केलं नाही. आठवड्यानं बाबांनी फोनवर सांगितलं की तुझा फोटो उतरला, आता दुसऱ्या पोरीचा आहे.

पुण्यात सगळं गोड झालं असं नाही. आमच्याकडे बायकाही ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात. होस्टेलच्या मुलींना त्याचं हसू यायचं. एकीनं प्रेमानं सुधारायला घेतलं, जाते म्हण, येते म्हण. परीक्षेत आणि मुलाखतीत मी जाते म्हणायला शिकले, खोलीत मात्र जातोच म्हणत राहिले. पहिल्या सत्रात गणितात नापास झाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा ‘कोट्यातली’ असं पुटपुटला, ते मी ऐकलं. त्या रविवारी मी अभ्यासिकेत त्याच्याच शेजारी जाऊन बसले आणि मला न सुटलेलं एक गणित त्याला विचारलं. त्यालाही ते आलं नाही. पुढच्या सत्रात माझं गणित सुटलं.

आता मी एका कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत काम करते. तुटलेले भाग माझ्या टेबलावर येतात आणि ते कुठून, कशानं तुटले ते मी सूक्ष्मदर्शकाखाली शोधते. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत मी आठवडाभराची रजा काढून मेडशीला येते आणि विहारात लॅपटॉप घेऊन बसते. आसपासच्या गावांतून पोरं येतात, जास्त करून पोरी. मोबाइल नंबर ज्याचा त्याचा, पासवर्ड ज्याचा त्याचा, हा एकच नियम आहे. मालेगावच्या सेंटरवाल्यांचा माझ्यावर राग आहे, तो त्यांनी खुशाल ठेवावा.

यंदा एक पोरगी वडिलांबरोबर आली होती. तिला पाच वर्षांच्या वकिलीच्या कोर्सला जायचं होतं. चिठ्ठीवर वरची तिन्ही कॉलेजं अकोल्याची आणि अमरावतीची होती. मी विचारलं, हीच पाहिजेत का. तिनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ताई, तुमीच सांगा, तुमाले समजते.

मी म्हटलं, मी नाही सांगणार. लॅपटॉप तिच्याकडे फिरवला आणि उठून पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा पहिल्या ओळीत मुंबईचं सरकारी कॉलेज होतं आणि पोरगी स्क्रीनकडे अशी बघत होती की कुणी पुसायला आलं तर हात धरेल.

वडील थोडा वेळ वाचत बसले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मला विचारलं, "मुंबईची गाडी कुठून भेटते, ताई? अकोल्याहून का?"

मी हो म्हटलं. त्यांनी गाडीची वेळ विचारली आणि ती तळहातावर लिहून घेतली.